बंद यंत्राची पूजा

सांगली, दि. ९ सप्टेंबर १९९७

जो विघ्ने हरतो, आणि हरण्यापूर्वी ती आपल्यासमोर नीट मांडूनही ठेवतो, त्या मंगलमूर्तीस प्रथम नमस्कार. त्याची कृपा या कागदावर राहो, लिहिणाऱ्याच्या थरथरत्या बोटांवर राहो आणि वाचणाऱ्याच्या चष्म्यावरही राहो. चाळीस वर्षे मी त्यास नित्य एकवीस दूर्वा वाहिल्या. त्याने मला मधुमेह दिला आणि माझ्या वाटणीचे मोदक स्वतःकडे ठेवले. तरी आमचे संबंध अद्याप बिघडलेले नाहीत.

चि. नाथाजीस अनेक आशीर्वाद.

उंब्रजच्या शाळेत मी तुला तीन वर्षे संस्कृत शिकविले. ते तुझ्यात शिरले नाही, यात तुझा दोष किती आणि माझा किती, हा वाद मी यमाच्या दरबारासाठी राखून ठेवला आहे. पुढे तू सैन्यात गेलास, तिथली बिनतारी यंत्रे दुरुस्त केलीस, हवालदार होऊन परतलास, आणि आता साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आप्पासोंच्या कारखान्यात टेलिफोन केंद्रांचे वीजसंच तपासतोस. माझी नात स्वानंदी पदविका घेऊन तुझ्याच हाताखाली लागली आणि तुझ्याच घरी राहते. तिचा बाप वरद तिला धाडण्यास राजी नव्हता. ‘नाथाजी आहे ना,’ एवढ्या माझ्या शब्दावर त्याने होकार दिला. ती तिथे राहते की परत येते, हे त्या एका शब्दावर उभे आहे, हे ध्यानात ठेव.

आता तक्रार. तिचे पत्र आले. तू म्हणे यंत्राला हात लावण्यापूर्वी तिला पाच मिनिटे स्वस्थ उभी करतोस. डावा हात पाठीमागे धरायला लावतोस. मग एक मीटर त्या यंत्रास टेकवून त्याचा कौल घेतोस आणि त्यानंतरच स्पर्शाची अनुज्ञा देतोस. तिथले कामगार यास ‘नाथाजीची संध्या’ म्हणतात. अरे, आम्ही भट मंडळी पाण्याभोवती बोटे फिरवितो म्हणून तू वर्गात मागच्या बाकावर बसून हसत होतास. माझ्या संध्येत निदान पाणी पिण्यास तरी मिळते.

शिवाय मी तिला विधिवत सिद्ध करून दिलेली पुष्कराजाची अंगठी तू काढावयास लावलीस. तिच्या पत्रिकेत गुरू दुर्बळ आहे. तो अधिक दुर्बळ करण्याचे काम तुझ्याकडे कोणी सोपविले, ते कळव.

तुझा
चिंतामण करंबेळकर

*

सातारा, ता. १६-९-९७

तीर्थस्वरूप गुरुजींच्या पायाशी नाथाजीचा साष्टांग दंडवत.

पत्र पावलं. आमच्या मंडळीला, राहीबाईला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या गुरुजींनी तुमाला बरोबर वळखलंय. पोरगी खुशाल हाय. भात लय कमी खाती, एवढीच घरच्यांची तक्रार.

गुरुजी, आता तुमी बाकावर बसा, मी फळ्यापाशी उभा राहतो. कान पिळणार न्हाई.

साध्या वीजसंचाचं खाणं अधाशी असतंय. पंगतीत एखादा पाव्हणा कसा, वाढपी अगदी समोर वाकला की चार जिलब्या एकदम ओढतो आणि बाकीच्या वेळी ताटाकडं बघत बसतो. तसा हा संच विजेची लाट माथ्यावर आली की तेवढ्यात घास मारतो. त्यानं तारा तापतात आणि सगळ्या पंगतीचा बेरंग होतो. म्हणून आता नव्या संचात एक ठोकळा बसवतात. तो पाव्हण्याचा हात धरतो आणि सांगतो, जसं वाढतील तसं खा, सारखं खा. त्याला पॉवर फॅक्टर सुधारायचा ठोकळा म्हणायचं. परदेशातनं येतो, जाड इंग्रजी पुस्तिकेसकट. पुस्तिकेवर आमची माणसं चहाचे कप ठेवतात.

पण ह्या शहाण्याची एक खोड हाय. दोनशेतीस व्होल्ट आत घेतो आणि त्याचे जवळजवळ चारशे करून कपॅसिटरच्या डबीत भरून ठेवतो. तुमी बटण बंद करा, तार उपसा, दिवा विझू द्या, डबी भरलेलीच. ती रिकामी व्हावी म्हणून शेजारी एक रेझिस्टर असतोय, निचऱ्याची मोरी समजा. त्या मोरीला पाच मिनिटं लागतात. मोरी तुंबली तर डबी तासभरसुद्धा दबा धरून बसती. म्हणून वाट बघायची, आणि वाट बघितल्यावरबी मीटर लावायचा, कारण मोरी तुंबल्याली डोळ्याला दिसत न्हाई.

डावा हात पाठीमागं का? दोन्ही हात पुढं असले आन् दोन्ही टेकले, तर वीज ह्या हातातनं त्या हातात जाताना छातीतनं जाती. एक हात मागं असला तर तिची ती वाट तरी बंद होती. अंगठी का? सोनं वीज लय छान वाहून नेतंय. पोरीचा गुरू दुर्बळ असंल, पण बोट शाबूत हाय.

तुमचा नापास विद्यार्थी
नाथाजी

*

सांगली, दि. २२ सप्टेंबर १९९७

चि. नाथाजीस आशीर्वाद.

तुझा पंगतीचा दृष्टांत मला इतका रुचला की परवा गणपतीच्या देवळात पुराण सांगताना मी तो अनासक्तीच्या विवेचनात वापरला. श्रोत्यांनी माना डोलावल्या. तुझे नाव सांगितले नाही. परंपरेत असेच चालते.

तरी माझा मूळ आक्षेप उरतोच. बंद केलेले यंत्र बंद असते. इंद्राकडे आणि वीज मंडळाकडे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. दोघेही यथासांग आवाहन केले तरी हजर होत नाहीत. मग विसर्जन झाल्यावर ते मागे रेंगाळतील यावर माझा विश्वास बसत नाही. सैन्यात चाळीस वेळा तपासण्याची सवय लागली की माणूस घरीही स्वतःच्या चपला मोजतो.

आनंदाची वार्ता ही की, तुमच्या आप्पासोंनी मला खंडेनवमीच्या यंत्रपूजेस बोलाविले आहे. त्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून, झाकणे काढून, स्वच्छ पुसून त्यांस हळदकुंकू वाहतात, असे ते म्हणाले. मी यथासांग पूजा सांगेन. स्वानंदीस त्या दिवशी तरी अंगठी घालू दे. देवासमोर नात लंकेच्या पार्वतीसारखी उभी असलेली मला पाहवणार नाही.

चिंतामण करंबेळकर

*

सातारा, ता. २९-९-९७

गुरुजींना दंडवत.

आप्पासोंनी तुमाला बोलावलं, बरं झालं. मी मात्र नवमीला उंब्रजात असणार. भावकीची शस्त्रं पुजायची हायत आणि यंदा नारळ फोडायचा मान माझा.

आवं गुरुजी, एक ऐका. झाकणं काढून पुसायची आमच्याकडं रीत हाय. दुसरी यंत्रं पुजा, लेथचा चरक पुजा, ड्रिल पुजा, आप्पासोंची स्कूटर पुजा. पण तपासणीच्या टेबलावरच्या संचांना ओलं काही लावू नका. आणि स्वानंदी ‘थांबा’ म्हणाली तर थांबा. ती एकटीच हाय जिला मी हे सगळं शिकवलंय. बाकीच्यांना सांगून थकलो. हे वाक्य तुमच्या तोंडून तुमी मला बऱ्याचदा ऐकवलंय.

राहीबाई तुमच्यासाठी बिनसाखरेचं काय करावं ह्या इचारात पडलीय.

नाथाजी

*

सांगली, दि. १४ ऑक्टोबर १९९७

नाथाजीस,

आशीर्वाद पुढच्या पत्री. आज मन स्वस्थ नाही.

खंडेनवमीस काय घडले ते तुझ्या कानी आलेच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक. चाळीस कामगार, आप्पासो, त्यांच्या सौभाग्यवती, सर्व हात जोडून उभे. चरक झाला, ड्रिल झाले, स्कूटर झाली. तपासणीच्या टेबलावरील शेवटच्या संचापाशी मी आलो. बाकीची यंत्रे सकाळीच बंद केलेली होती, हा संच मात्र केवळ दहा मिनिटांपूर्वी. मी पळीने पाण्याचे प्रोक्षण करण्यास हात पुढे केला, आणि माझ्या स्वतःच्या नातीने लाकडी पट्टीने माझ्या मनगटावर फटका मारला. चाळीस माणसांदेखत. भर मंत्रात.

माझ्या हातून पळी उडाली. मी तसाच बाहेर पडलो आणि मिळेल त्या एस.टी.ने सांगलीस आलो.

वरदला मी एवढेच सांगितले की त्या कारखान्यात पोर वडीलधाऱ्यांची बूज विसरली आहे. तो दुसऱ्या दिवशी जाऊन तिला घेऊन आला. ती कोणाशी बोलत नाही. वरद म्हणतो, आता नोकरी पुरे. मीही तेच म्हणतो.

तुझ्या संध्येचे हे फळ आहे.

चिं. करंबेळकर

*

सातारा, ता. १७-१०-९७

गुरुजींना दंडवत.

पोरगी जाताना माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेली. तिच्यात दोनच वाक्यं. ‘काका, आजोबांना काही विचारू नका. शेवटच्या संचाचा रेझिस्टर बघा.’

पहिलं वाक्य मी मोडतोय.

रेझिस्टर बघितला. त्याचा एक पाय डाकातनं, सोल्डरच्या जोडातनं, सुटलेला. म्हणजे मोरी तुंबलेली. तो संच गिऱ्हाइकाकडनं बिघडून परत आलेला होता, त्याच्यावर चिठ्ठी लावायची राहिली. ती चूक माझी हाय. तसलाच दुसरा संच मी रेझिस्टरचा पाय सोडवून चालू केला, बंद केला आणि दहा मिनिटांनी मीटर लावला. तीनशेच्या वर व्होल्ट दाखवले.

तुमची तांब्याची पळी इथंच राहिलीय. डाक लावणाऱ्या लीलाबाईनं ती केराच्या सुपातनं काढून ठेवली. टोकाला हरभऱ्याएवढा खड्डा पडलाय आणि भोवती काळं. लीलाबाई म्हणती, पळी डबीच्या दोन खुंट्यांवर आडवी पडली आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. आप्पासोंच्या सौभाग्यवती बाकड्याखाली गेल्या. तुमच्या पत्रात तो आवाज कुठं दिसला न्हाई.

आप्पासो दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणालेत. पाडव्यानंतर दुसरा माणूस घेणार. तुमच्या एका शब्दावर पोरगी आली होती. आता तुमी कुठला शब्द टाकताय त्याची वाट बघतोय.

नाथाजी

*

सांगली, दि. २० ऑक्टोबर १९९७ (कार्ड)

नाथाजीस आशीर्वाद. दसऱ्याचे दिवस होते. बाहेर मुले फटाके उडवीत होती. तोच आवाज असावा. पळी जुनीच होती, झिजली असेल. प्रकृती ठीक. चिं. क.

*

सातारा, ता. २३-१०-९७

गुरुजी,

कार्ड मी लीलाबाईला वाचून दाखवलं. ती चौथी शिकलीय. म्हणाली, फटाक्यानं तांबं वितळायला लागलं तर तांबटांनी दुकानं बंद करावीत.

पळी रजिस्टर पोस्टानं पाठवतोय. तुमीच बघा झिजलीय का.

मी तुमाला खोटं पाडायला लिवत न्हाई. नारळाच्या मानासाठी मी गावाला गेलो आणि जे भिंतीवर लिवून ठेवायचं ते एका पोरीच्या डोक्यात ठेवून गेलो. मी चुकलो, हे आप्पासोंना सगळ्यांपुढं सांगितलं. सांगताना लय अवघड गेलं. सांगितल्यावर भूक लागली.

नाथाजी

*

सांगली, दि. २७ ऑक्टोबर १९९७

चि. नाथाजीस, राखून ठेवलेल्या सर्व आशीर्वादांसह अनेकोत्तम आशीर्वाद.

पळी मिळाली. देवघरात न ठेवता चष्म्याच्या घराशेजारी ठेवली आहे. आता जे घडले ते लिहितो. मागच्या दोन्ही पत्रांत मी जे लिहिले नाही, तेच घडले होते.

स्वानंदी म्हणाली, “आजोबा, थांबा, मीटर लावते.” मी म्हणालो, “मुहूर्त मीटरवर चालत नाही.” ती म्हणाली, “आजोबा, हात मागे घ्या.” मी घेतला नाही. मंत्राचा अर्धा भाग तोंडात होता आणि चाळीस जण पाहत होते. अशा वेळी विद्वानाचा हात मागे येत नाही. मग तिने पट्टी मारली. पळी पडली आणि तो आवाज झाला. पांढरीनिळी ज्वाळा उठली. सृष्टीच्या आरंभी प्रणव उमटला तो असाच असावा, असे मला एका क्षणी वाटले. दुसऱ्या क्षणी मी धोतर सावरीत दाराबाहेर होतो. आप्पासोंच्या सौभाग्यवती बाकड्याखाली गेल्या हे मला ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या आधी मी दिसेनासा झालो होतो.

म्हणजे मला त्याच क्षणी कळले होते. एस.टी.त बसेपर्यंत मी माझा अपमान एवढा मोठा करून घेतला की त्याआड तो आवाज झाकला जावा. घरी आलो आणि ज्या पोरीने मला वाचविले तिला उद्धट ठरविले. तिने एका शब्दाने मला उघडे पाडले नाही.

राजा मुचुकुंद गुहेत निजला होता. त्याला लाथ मारून उठविणारा कालयवन त्याच्या दृष्टीने जळून भस्म झाला. ही कथा मी चाळीस वर्षे सांगत आलो. निजलेला तो निःशक्त नव्हे, हेच तिचे सार म्हणून श्रोत्यांच्या गळी उतरविले आणि दक्षिणा घेतली. प्रत्यक्ष गुहेच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा मी कालयवनाचीच भूमिका पत्करली, तीही सोवळे नेसून.

काल दुपारी चहाच्या वेळी वरदला, सूनबाईंना आणि स्वानंदीला समोर बसवून सर्व सांगितले. वरदने कप खाली ठेवला. माझी अपेक्षा अशी की तो मला रागावेल आणि पोरीला सातारला सोडेल. तो मला रागावला, हे बरोबर झाले. पुढचे उलटे झाले.

“म्हणजे तिथं माणूस जागच्या जागी मरू शकतो,” तो म्हणाला. “आता तर मुळीच पाठवणार नाही.”

नाथाजी, खोटे बोललो तेव्हा पोरीची नोकरी गेली होती; खरे बोललो तर ती दुसऱ्यांदा गेली. सत्याचा जय होतो हे मीच वर्गात फळ्यावर लिहीत असे. किती दिवसांनी होतो ते लिहिण्यास फळ्यावर जागा नसे.

मी म्हणालो, “वरद, त्या दिवशी तिथे चाळीस माणसे होती. कुठे हात लावू नये हे त्यांतल्या एकटीला ठाऊक होते. तिला इथे बसविलीस तर उरलेल्या एकोणचाळीस जणांचे काय? पुढच्या नवमीला माझ्यासारखा दुसरा एखादा पळी घेऊन येईल. शहाण्यांची आपल्याकडे टंचाई नाही.”

 मग त्याने मला सोडून तिला विचारले, आणि हे त्याने पहिल्यांदाच केले असे मला वाटते. “तुला भीती नाही वाटत?”

“वाटते,” ती म्हणाली. “म्हणूनच मीटर लावते.”

सूनबाई उठल्या आणि पिशवीत तिचे कपडे भरू लागल्या. वरदने गाडीची वेळ विचारली.

जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, “आजोबा, पट्टी मारल्याबद्दल मी माफी मागितली नाही. मागणारही नाही.” मी म्हणालो, “मागू नकोस. पुढच्या वेळी आधीच मार.” आज सकाळच्या साडेसहाच्या गाडीने ती निघाली आहे, हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती टेबलापाशी उभी असेल.

तुझी ती परदेशी पुस्तिका तिच्याकडून समजावून घेऊन मी भिंतीवर लावण्याचा मजकूर केला आहे. तो तिच्यासोबत धाडला आहे. ठळक अक्षरांत लिहवून घे. चहाचे कप ठेवता येणार नाहीत अशा उंचीवर लाव. मजकूर असा:

‘हा संच बंद दिसत असला तरी बंद समजू नये. आधी तार उपसावी. पाच मिनिटे थांबावे. मग मीटर लावून आत काही उरले नाही ना, ते पाहावे. उरले असेल तर हात न लावता नाथाजींस किंवा स्वानंदीस बोलवावे. अर्थिंगची तार जोडल्याशिवाय व फ्यूज बसविल्याशिवाय संच चालू करू नये. अंगठी, कडे, बांगडी काढून यावे. देव रागावणार नाही, त्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्यावर आहे. बिघडून आलेल्या संचावर लाल चिठ्ठी लावावी. पूजेच्या दिवशी झाकण लावूनच पूजा करावी व झाकणावर कोरड्या अक्षता आणि एक फूल वाहावे, पाणी कदापि नाही. आणि तपासणारी व्यक्ती ‘थांबा’ म्हणाली तर, ती वयाने केवढीही असो आणि आपण केवढेही असो, थांबावे.’

याखाली मी सही केली आहे. चाळीस वर्षांत मी अनेक स्तोत्रांचे अर्थ लिहिले. ज्याच्या फलश्रुतीची मला स्वतःला खात्री आहे असे हे पहिलेच.

आणि आता हे जो वाचील, भिंतीवर वाचील वा या कागदावर, त्या प्रत्येकास या वृद्धाचा आशीर्वाद. तुमच्या डब्या वेळेवर रिक्त होवोत. तुमच्या मोऱ्या वाहत्या राहोत. तुमच्या हातांना दहा बोटे आणि तुमच्या घरांना हाक मारणारी माणसे असोत. तुम्हांस अडविणारे कोणीतरी तुमच्याजवळ उभे असो, आणि ते अडवील तेव्हा तुमचा हात तुमच्या विद्वत्तेपेक्षा लवकर मागे येवो. इति शुभं भवतु.

चिंतामण करंबेळकर